नेक्सियासाठी एअर फिल्टर

आण इकडे तो जुना. फेकला नाहीस ना?
जुना बघितल्याशिवाय मी नवा देत नाही.
नुकुसच्या या बाजारात टपऱ्या पुष्कळ,
घाई असेल तर जा त्यांच्याकडे.

हं. किती चालवलीस यावर?
बारा हजार. पुस्तकात लिहिलंय म्हणून?
अरे जलगास, ते पुस्तक लिहिणाऱ्याने
मोयनाकचा रस्ता स्वप्नातसुद्धा पाहिला नसेल.
तू सहा हजाराला झाकण उघडायचंस,
वारा उत्तरेचा असेल तर चारला.

हे बघ, तीन ठेवते पुढ्यात.
हा स्वस्तातला. मागून बॅटरी लाव.
दिसला उजेड, चाळणीतून आल्यासारखा?
घड्या मोज. नको, मी मोजल्यात, अडतीस.
हा दुसरा, छप्पन्न. चौकट तेवढीच,
अठरा घड्या जास्त,
म्हणजे कागद जास्त, धुळीला बसायला जागा जास्त.
मी पैसे घेते ते त्या अठरा घड्यांचे,
खोक्यावरच्या नावाचे नाही.
रबर दाब अंगठ्याने.
मळलेल्या कणकेसारखं परत वर यायला हवं.
कडेला केसाएवढी फट राहिली
तर मधल्या कागदाने डॉक्टरेट केलेली असली तरी उपयोग शून्य.

आणि हा लाल, तेल लावलेल्या कापडाचा.
पोरांना आवडतो. धुता येतो, गाडी गुरगुरते.
तुला गुरगुर हवीय की इंजिन?
बारीक धूळ यातून पाहुण्यासारखी आत जाते
आणि इथल्या पाहुण्यांसारखीच लवकर निघत नाही.

थांब, असा झटकू नकोस, वर्तमानपत्र पसरू दे.
बघ. खाली करडं, वर पांढुरकं.
चव घेऊ नकोस. मी घेतलीय.
मीठच आहे, आणि मिठासोबत
कापसावर फवारलेलं, नद्यांनी वाहून नेलेलं
काय काय.
तुझा जन्म कधीचा?
मग तू नाही पाहिलास.
माझ्या बापाच्या मनगटाला खवले चिकटलेले असायचे,
ईदच्या नव्या सदऱ्याखालीसुद्धा.
लोक म्हणतात, समुद्र गेला.
गेला कुठे?
तुमच्या गाड्यांतून येतो, मी या टेबलावर झटकते.

छप्पन्न घड्यांचा? शहाणा आहेस.
क्लिपा सगळ्या लाव. मागची कडक असते,
म्हणून लोक ती सोडतात, आणि मग माझ्याशी भांडायला येतात.

दोन?
दोन कशाला, गाडी तर एकच तुझी.

अच्छा.

खिडकीला. पोरीच्या उशाशी.
किती वर्षांची? रात्रीच खोकते की दिवसाही?

ऐक. हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
पेर्देबाय बिछान्याला खिळला त्या हिवाळ्यात
दुकानातले अकरा फिल्टर मी घरी नेले होते,
चिकटपट्टीने खिडकीभर लावले.
खोलीत अंधार झाला, तेवढंच.
इंजिन हवा ओढतं म्हणून फिल्टरला काम असतं.
खिडकी ओढत नाही.
ओढायचं होतं ते त्याच्या छातीला,
आणि तिला तेच जमत नव्हतं.

पंखा आहे घरी? चौकोनी, मोठा?
मग त्याच्या पाठीला बसव, कडा फोमने बुजव.
खिडकी बंदच ठेव, उत्तरेकडची तर नक्कीच.
उपयोग होईल का?
होईल थोडा. मला माहीत नाही.
डॉक्टरला विचार, मी पार्ट विकते.

पैसे दोन्हीचे घेणार, दुकान आहे हे.
हा फोम घे तसाच, तुकडा उरलाय.

पुढच्या वेळी दोन्ही जुने आण.
घरातला वेगळ्या पिशवीत, नाव घालून.
मला बघायचंय
आधी पांढरा कुठला होतो.